जुना होम कॉम्प्युटर नवीन टीव्हीला कसा जोडायचा : आधी मशीनमधून काय बाहेर येतंय ते बघा

ठाण्याच्या नौपाड्यात जुन्या बिल्डिंगा एकामागून एक रिडेव्हलपमेंटला चालल्यात आणि घरं रिकामी करताना माळ्यावरून काय काय खाली येतंय. त्यात एखादा खोका निघतो, आत स्पेक्ट्रम नाहीतर कमोडोर असा जुना होम कॉम्प्युटर, कोणाच्या तरी मामांनी आखातातून किंवा लंडनहून आणलेला, सोबत एक जाड अडॅप्टर आणि एक वायर, जी लावायला आजच्या टीव्हीला जागाच दिसत नाही. घरातले पाच मिनिटं खटपट करतात, स्क्रीनवर काही येत नाही, मग "बंद पडलाय" असं ठरतं आणि भंगारवाला तो किलोवर घेऊन जातो. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण कितीतरी वेळा मशीन व्यवस्थित चालू असतं, फक्त त्याचं चित्र टीव्हीपर्यंत पोचत नसतं.

म्हणून हे सविस्तर लिहितेय, ज्यांनी आयुष्यात कधी सोल्डरिंग केलेलं नाही त्यांच्यासाठीसुद्धा. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते : ऑनलाइन दिसेल तो कन्व्हर्टर आधी मागवू नका. आधी तुमच्या मशीनमधून कुठल्या प्रकारचा सिग्नल बाहेर येतो ते ओळखा, मग टीव्हीला मागे काय आहे ते बघा, आणि मग त्या दोघांमध्ये सगळ्यात छोटा रस्ता कुठला ते ठरवा. या क्रमाने गेलात तर बहुतेक वेळा पाच-सहाशे रुपयांत काम होतं, उलट्या क्रमाने गेलात तर घरात नुसत्या डब्या जमतात.

गडबड नेमकी कुठे होते

१९८० च्या दशकातले होम कॉम्प्युटर घरातल्याच टीव्हीला लावायला बनवलेले होते, वेगळा मॉनिटर कोणाला परवडत नव्हता. त्यामुळे ते टीव्हीची भाषा बोलतात. आपल्याकडे रंगीत टीव्ही १९८२ ला आला तो पाल पद्धतीचा (रंगीत टीव्ही सिग्नलची एक पद्धत), ब्रिटनमध्येही पालच, म्हणून ब्रिटिश मशीन आपल्या टीव्हीला सगळ्यात जवळची पडतात. पालमध्ये ६२५ ओळी असतात, सेकंदाला १५,६२५ ओळी काढल्या जातात, यालाच लोक '१५ किलोहर्ट्झ सिग्नल' म्हणतात, हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. आता खरा टीव्ही कार्यक्रम त्या ६२५ ओळी दोन हप्त्यांत पाठवतो, आधी एकाआड एक अर्ध्या आणि मग उरलेल्या अर्ध्या. होम कॉम्प्युटर सहसा तसं करत नाही, तो ३१२ ओळींचं पूर्ण चित्र पाठवतो आणि पुन्हा तेच जागेवर, सेकंदाला सुमारे ५० वेळा. सुमारे म्हणतेय कारण ४८के स्पेक्ट्रमचा आकडा ५०.०८ येतो आणि पाल कमोडोर ६४ चा ५०.१२, दोन्ही बरोबर ५० नाहीत.

जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीला याने काही फरक पडत नव्हता, येईल त्या सिग्नलच्या मागे तो जायचा. आजचा एलईडी टीव्ही आधी सिग्नल डिजिटल करतो, आतली चिप ठरवते की हे काय आहे, आणि तिच्या यादीत न बसणारं काही आलं की ती सरळ 'नो सिग्नल' लिहून मोकळी होते, किंवा दोन हप्त्यांचं चित्र समजून ते जोडायला जाते आणि अक्षरं थरथरतात. म्हणजे दोष ना मशीनचा ना टीव्हीचा.

आधी पॉवर, टीव्ही नंतर

माळ्यावरून काढल्या काढल्या प्लग लावू नका. चाळीस वर्षं जुना अडॅप्टर हा या सगळ्यातला सगळ्यात धोकादायक भाग आहे, मशीन वाचवायचं तर इथे वेळ घालवा. एक साधा मल्टिमीटर घ्या, तीन-चारशेचा चालेल.

कमोडोर ६४ असेल तर जास्तच जपा. त्याचा अडॅप्टर दोन प्रकारचा करंट देतो, ५ व्होल्ट डीसी आणि ९ व्होल्ट एसी. त्यातला ५ व्होल्टचा रेग्युलेटर म्हातारा झाला की बंद पडण्याऐवजी जास्त व्होल्टेज सोडायला लागतो आणि आतल्या मेमरी चिपा जळतात, आणि जुना अडॅप्टर आत पूर्ण भरून सील केलेला असल्यामुळे दुरुस्तही करता येत नाही. मशीनला न जोडता मीटरने मोजा, ५.२५ च्या वर दिसलं तर तो अडॅप्टर तिथेच बाजूला ठेवा. आणि बरोबर दिसला तरी माझं स्पष्ट मत आहे की नवीन बनवलेला अडॅप्टर घ्यावा, मोजलं त्या दिवशी बरोबर असलेला अडॅप्टर पुढच्या आठवड्यातही बरोबर राहील याची खात्री देता येत नाही.

स्पेक्ट्रमचं सोपं आहे, त्याला ९ व्होल्ट डीसी लागतो, पण त्याच्या पिनचा मधला भाग निगेटिव्ह असतो. आज दुकानात मिळणारे बहुतेक ९ व्होल्टचे अडॅप्टर मधे पॉझिटिव्ह असतात, राउटरचा अडॅप्टर बसतोय म्हणून घुसवलात तर संपलं. अडॅप्टरवर गोलाचं छोटं चित्र असतं ते बघा आणि तरी मीटरने खात्री करा. ९ व्होल्ट, २ अँपियरचा रेग्युलेटेड अडॅप्टर, मधे निगेटिव्ह, एवढं सांगितलंत की दुकानदाराला कळतं.

बीबीसी मायक्रोचा पॉवर सप्लाय आतच असतो. त्यात मेन्सच्या बाजूला फिल्टरचे कपॅसिटर आहेत ज्यांना वयानुसार तडे जातात, हवेतली ओल आत शिरते, आणि चालू केल्यावर काही वेळाने धूर आणि भयंकर वास. आपल्या इकडच्या दमट हवेत हे होण्याची शक्यता जास्तच. ते कपॅसिटर बदलूनच चालू करा, आणि मेन्सचं काम येत नसेल तर येणाऱ्या माणसाकडून करून घ्या, हट्ट नको.

अमेरिकेहून आलेलं मशीन असेल तर ते ११०-१२० व्होल्टचं असतं, आपल्याकडे २३०. पाटी वाचा, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल.

अजून एक, हे फार कमी जण सांगतात. टू-पिन अडॅप्टरवर चालणाऱ्या वस्तूंच्या बाहेरच्या धातूला हात लावला की कधी कधी मुंग्या आल्यासारखं होतं ना, तो थोडासा लीकेज करंट असतो. माणसाला काही होत नाही पण जुन्या चिपेला होऊ शकतं. म्हणून सगळ्या वायरी दोन्हीकडचे स्विच बंद असताना जोडा आणि मगच चालू करा. थ्री-पिन प्लगची अर्थिंगची पिन टाळणारे कन्व्हर्टर वापरू नका.

मशीनच्या मागे काय आहे

आता मशीन उलटं फिरवा. इथे नवीन माणूस हमखास एका ठिकाणी फसतो : गोल आरसीए सॉकेट दिसलं, म्हणजे जिथे पिवळी पिन बसते तसं, की वाटतं हा एव्ही आउट. स्पेक्ट्रमचं, कमोडोर ६४ च्या मागचं एकटं आरसीए सॉकेट, बीबीसीवर 'यूएचएफ' लिहिलेलं, हे सगळे आरएफ आहेत, म्हणजे अँटेनाच्या जागी लावायचे. पिवळ्या पिनेची वायर त्यात बसते छान, पण टीव्हीच्या एव्हीमध्ये लावली तर कधीच काही दिसणार नाही. चालू मशीन 'बंद' ठरतं ते बऱ्याचदा याच सॉकेटमुळे.

तर मशीनप्रमाणे काय मिळतं ते सांगते.

स्पेक्ट्रम ४८के आणि स्पेक्ट्रम प्लस, यात आपल्याकडे डेसिबेल्स कंपनीने लायसन्सवर काढलेला डीबी स्पेक्ट्रम पण आला, यांना बाहेर फक्त आरएफ. स्पेक्ट्रम १२८ ला मात्र आठ पिनांचं डिन सॉकेट (गोल, आत बऱ्याच पिना असलेलं) आहे आणि त्यात आरजीबी मिळतो, म्हणजे लाल, हिरवा, निळा वेगवेगळ्या वायरीतून.

कमोडोर ६४ ला आरएफ शिवाय एक गोल डिन सॉकेट असतं, सुरुवातीच्या मशीनला पाच पिनांचं, नंतरच्यांना आठ पिनांचं. त्यात कंपोझिट (म्हणजे पिवळ्या पिनेचा सिग्नल, उजेड आणि रंग एकाच वायरीत) आणि आवाज आहेच, पण आठ पिनांच्या सॉकेटमध्ये चित्राचा उजेड आणि रंग वेगवेगळे पण मिळतात.

बीबीसी मायक्रो, किंवा त्याचंच भारतात बनलेलं एससीएल युनिकॉर्न, शाळांमध्ये कॉम्प्युटर शिकवण्याच्या क्लास प्रकल्पातून १९८४ पासून आलेलं, म्हणजे एखाद्या शाळेच्या अडगळीत अजून सापडू शकतं बरं का. याला तिन्ही आहेत : यूएचएफ, बीएनसी सॉकेटवर कंपोझिट, आणि सहा पिनांच्या डिनवर आरजीबी. मागे डिन सॉकेट बरीच आहेत, कॅसेटचं आणि नेटवर्कचं पण डिनच, तेव्हा नाव वाचून लावा.

एमएसएक्स, आखातातून आलेले सखर वगैरे, यात बहुतेकांना आरसीएवर खरा कंपोझिट असतो, सॉकेटवर 'व्हिडिओ' लिहिलेलं असतं. अमिगा ५०० ला तेवीस पिनांचं आरजीबी सॉकेट, आणि एक कंपोझिट जो काळा-पांढरा येतो, तो दोष नाही, तो तसाच बनवलाय. अ‍ॅपल टू ला कंपोझिट पण अमेरिकन मशीन असेल तर एनटीएससी, म्हणजे तिकडच्या टीव्हीची पद्धत, ५२५ ओळींवाला.

आणि वागळे इस्टेट किंवा महापे बाजूच्या एखाद्या ऑफिसातून जुना पीसी मिळाला आणि मागे नऊ पिनांचं मॉनिटर सॉकेट असेल, तर तो व्हीजीए नाही. व्हीजीएला पंधरा पिना असतात. नऊ पिनांचा सीजीए किंवा हर्क्युलससारख्या जुन्या पद्धतीचा असतो, त्याचे सिग्नल ५ व्होल्ट लॉजिकचे असतात आणि व्हीजीए मॉनिटरला ०.७ व्होल्टच अपेक्षित असतो, नुसत्या वायरी जोडून अडॅप्टर बनवू नका.

टीव्हीच्या मागे काय आहे

घरातला टीव्ही भिंतीला चिकटवलेला असतो, तो काढायचा कंटाळा येतो, पण एकदा मोबाइलचा कॅमेरा मागे सरकवून फोटो काढा. बघायचं काय : अँटेनाचं सॉकेट, एव्ही इन (तीन रंगाची सॉकेट किंवा हेडफोनसारखं एकच भोक), हिरवं-निळं-लाल कम्पोनंट, आणि एचडीएमआय. काही टीव्हीत हिरवं सॉकेटच कंपोझिटचं काम पण करतं, त्याला हिरवं-पिवळं असं दोन रंगाचं वर्तुळ असतं.

घरचा मोठा टीव्ही अडकवण्यापेक्षा, जमलं तर यासाठी एखादा जुना बावीस-चोवीस इंची एलसीडी टीव्ही सेकंडहँड घ्या. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या टीव्हीला एव्ही, कम्पोनंट, व्हीजीए, अ‍ॅनालॉग ट्यूनर सगळंच असायचं, लोक तो हजार-दोन हजारात काढून टाकतात, आणि खरं सांगायचं तर ८-बिट मशीनला तो आजच्या पंचावन्न इंचीपेक्षा कितीतरी चांगला वागवतो. छोट्या स्क्रीनवर २५६ बाय १९२ चं चित्र नीट दिसतं, पंचावन्न इंचावर ते ठोकळे ठोकळे दिसतात.

पहिला रस्ता : अँटेनामधून, काहीही न उघडता

स्पेक्ट्रमवाल्यांनी आधी हेच करा, निदान मशीन चालू आहे का ते तरी कळेल. एका टोकाला आरसीए आणि दुसऱ्या टोकाला टीव्हीची अँटेनाची पिन अशी वायर लागते. मिळाली नाही तर केबलवाल्याकडची उरलेली कोॲक्स वायर घेऊन दोन्ही टोकांना पिना लावून घेता येतात, पाच मिनिटांचं काम आहे.

टीव्हीच्या मेनूत चॅनल सर्चमध्ये जा, 'अ‍ॅनालॉग' किंवा 'एटीव्ही' निवडा, ऑटो सर्च नको, मॅन्युअल घ्या. ब्रिटिश स्पेक्ट्रम, कमोडोर, बीबीसी हे सगळे यूएचएफ ३६ नंबरच्या चॅनलवर येतात, फ्रिक्वेन्सी ५९१.२५ मेगाहर्ट्झ. तो आकडा टाका आणि तिथून चार-पाच मेगाहर्ट्झ मागे-पुढे हळूहळू सरका, कारण मॉड्युलेटर, म्हणजे मशीनमधला आरएफ बनवणारा भाग, इतक्या वर्षांत थोडा हललेला असतो. स्क्रीनवरच्या मुंग्या कमी होत काळ्या झाल्या किंवा पांढऱ्या झाल्या की जवळ आलात. स्पेक्ट्रम असेल तर खाली सिंक्लेअर रिसर्चची १९८२ ची ओळ दिसली पाहिजे. ती दिसली की तो चॅनल सेव्ह करा.

चित्र आलं पण कमोडोरचा आवाज नाही, नुसती खरखर, असं झालं तर मेनूत साउंड सिस्टिम बघा. ब्रिटनमध्ये आवाज चित्रापासून ६ मेगाहर्ट्झवर असतो, आपल्याकडे ५.५ वर, म्हणून 'बी-जी' च्या जागी 'आय' निवडायचं. ४८के स्पेक्ट्रमला हा प्रश्नच नाही, त्याचा आवाज त्याच्या आतल्या छोट्या स्पीकरमधून येतो.

अमेरिकन मशीनचा आरएफ व्हीएचएफ चॅनल ३ किंवा ४ वर आणि एनटीएससीमध्ये असतो, त्याच्या मागे लागू नका, कंपोझिट मिळतोय का बघा. आणि टीव्हीच्या मेनूत अ‍ॅनालॉगचा पर्यायच नसेल तर हा रस्ता बंद, पुढच्यावर या.

दुसरा रस्ता : कंपोझिट, म्हणजे पिवळी पिन

बहुतेकांचं काम इथेच होतं. एमएसएक्सला सरळ आरसीए वायर. बीबीसीला बीएनसी ते आरसीए कन्व्हर्टर लागतो, तो सीसीटीव्हीवाल्यांच्या दुकानात पन्नास रुपयांच्या आत मिळतो, ठाण्यात स्टेशनजवळ, वाशीत सेक्टर १७ च्या बाजूला, कुठेही विचारा. बीबीसीचा कंपोझिट सुरुवातीला काळा-पांढराच येतो, आत बोर्डवर एस३९ नावाची लिंक जोडली की रंग येतात. पण मी म्हणेन राहू द्या तसाच, रंग नसल्यामुळे ८० कॉलमची अक्षरं इतकी स्वच्छ दिसतात की बेसिक या प्रोग्रामिंगच्या भाषेत टायपिंग करायला मजा येते, रंग हवे असतील तर त्याच्या आरजीबीकडे जा.

कमोडोरला डिन ते आरसीए केबल लागते, तयार मिळते, किंवा डिन प्लग आणून घरी करता येते.

टीव्हीला एव्हीसाठी एकच भोक असेल तर टीव्हीबरोबर आलेली छोटी वायर शोधा, बाजारातली दुसरी घेतली तर आतल्या पिनांचा क्रम वेगळा असू शकतो, चित्र येत नाही आणि स्पीकरमधून जोरात गुणगुण येते. ती गुणगुण म्हणजेच तुमचं चित्र आवाजाच्या वाटेने जातंय. अशा वेळी वायर फेकू नका, पिवळ्याच्या जागी लाल किंवा पांढरी पिन लावून बघा, बऱ्याचदा तेवढ्याने येतं, पण ग्राउंडच उलटं असेल तर मात्र दुसरी वायर.

चित्र काळं-पांढरं आणि हिरव्या-पिवळ्या सॉकेटमध्ये लावलंय? मग सोर्समध्ये 'कम्पोनंट' निवडलंय का बघा, 'एव्ही' करा.

टीव्हीला एव्ही इन अजिबात नाही, फक्त एचडीएमआय, तर ती एव्ही-टू-एचडीएमआय डबी घ्यायची. सारख्याच दिसणाऱ्या दोन डब्या मिळतात, एक एव्ही-टू-एचडीएमआय आणि एक एचडीएमआय-टू-एव्ही, उलटी घेतली तर काही चालत नाही आणि दुकानदारही घाईत चुकीची देतो, तेव्हा डबीवर 'इनपुट' कुठल्या बाजूला लिहिलंय ते वाचूनच पैसे द्या. तिला ५ व्होल्टची यूएसबी पॉवर लागते, मोबाइलचा चार्जर लावा, टीव्हीच्या यूएसबीवर कधी कधी कमी पडतो. या स्वस्त डब्या काम करतात पण त्यांची मर्यादा समजून घ्या : त्या आपल्या ३१२ ओळींच्या चित्राला दोन हप्त्यांचं समजतात, ५० चं ६० करताना सरकणारं चित्र हिसके मारतं, आणि बटण दाबणं आणि स्क्रीनवर घडणं यात थोडा उशीर येतो. बेसिक शिकायला, प्रोग्राम टाइप करायला उत्तम. उड्या मारायच्या गेमला नाही.

आता स्पेक्ट्रम. याच्या आत कंपोझिट तयार होतोच, तो फक्त आरएफच्या डबीत कोंडलेला असतो. बोर्डवर डाव्या वरच्या कोपऱ्यात पत्र्याची डबी आहे तो मॉड्युलेटर. त्यात दोन वायरी जातात, एक ५ व्होल्टची, दुसरी कंपोझिटची. दोन्ही सोडवायच्या, डबीच्या आत सॉकेटच्या मधल्या पिनेला चिकटलेला रेझिस्टर मोकळा करायचा, ५ व्होल्टच्या वायरीचं टोक टेप लावून बंद करायचं, आणि व्हिडिओची वायर १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून, त्याची पॉझिटिव्ह बाजू बोर्डकडे, त्या मधल्या पिनेला जोडायची. झालं. आता तेच सॉकेट खरं पिवळ्या पिनेचं झालं. हा बदल मला पटतो कारण काहीही कापलं जात नाही, उद्या कोणाला परत आरएफ हवा असेल तर दोन वायरी आणि एक रेझिस्टर परत लावला की पूर्ववत. केसला नवीन भोक पाडून एचडीएमआयचं सॉकेट बसवणारे लोक पण आहेत, कृपया ते करू नका, अशी मशीन आता परत बनणार नाहीयेत.

उघडताना कीबोर्डच्या पट्ट्या सांभाळा. पातळ प्लास्टिकच्या दोन पट्ट्या बोर्डमध्ये खोचलेल्या असतात, त्या वाळून कडक झालेल्या असतात आणि वरचं झाकण झटकन उचललं की तुटतात. नवीन मेम्ब्रेन मिळतं, पण बाहेरून मागवावं लागतं.

सोल्डरिंग येत नसेल तर टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांकडे जा, अजून प्रत्येक नाक्यावर एखादे आहेत. वरचा परिच्छेद मोबाइलवर त्यांना वाचून दाखवा, त्यांना मॉड्युलेटर काय ते तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहितीये.

कमोडोरसाठी थोडं चांगलं

कंपोझिटमध्ये उजेड आणि रंग एकाच वायरीत मिसळतात म्हणून अक्षरांच्या कडेला रंग सांडतात. आठ पिनांच्या सॉकेटवाला कमोडोर हे दोन्ही वेगळे देतो, म्हणजे एस-व्हिडिओ. ज्या कन्व्हर्टरला एस-व्हिडिओचं छोटं गोल सॉकेट आहे तो घ्या. रंगाच्या वायरीत मधे एक ३३० ओहमचा रेझिस्टर टाका, नाहीतर रंग भडक होतात.

तिसरा रस्ता : आरजीबी, आणि त्या १५ किलोहर्ट्झचा हिशोब

अमिगा, बीबीसी, स्पेक्ट्रम १२८, अटारी एसटी, यांच्याकडे आरजीबी आहे आणि ज्यांच्याकडे आहे त्यांनी कंपोझिटवर समाधान मानू नये असं मला मनापासून वाटतं. लाल, हिरवा, निळा प्रत्येकी वेगळ्या वायरीतून येतात, चित्र काचेसारखं.

मग लगेच मनात येतं की मॉनिटरच्या व्हीजीएमध्येही आरजीबीच असतो, सरळ जोडू. नाही चालत. व्हीजीए सेकंदाला ३१,५०० ओळींपासून सुरू होतो आणि आपलं मशीन १५,६२५ देतं, साधारण अर्धं. मॉनिटर 'आउट ऑफ रेंज' म्हणतो. एनईसी आणि बेनक्यूचे काही जुने चौकोनी मॉनिटर १५ किलोहर्ट्झ घेतात, असा कोणाकडे असेल तर सोडू नका. बाकीच्यांना मधे काहीतरी लागतं जे ओळी दुप्पट करेल.

स्वस्तातला पर्याय जीबीएस-८२०० नावाचा उघडा बोर्ड, ५ व्होल्टवर चालतो, आरजीबी आणि सिंक (ओळ आणि चित्र कुठे सुरू होतं ते सांगणारा सिग्नल) आत, व्हीजीए बाहेर. आहे तसा तो सामान्यच आहे, पण त्यावर ईएसपी८२६६ नावाचा छोटा वायफाय बोर्ड जोडून जीबीएस-कंट्रोल नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकलं की तोच बोर्ड आपलं ३१२ ओळींचं चित्र नीट ओळखायला लागतो आणि किमतीच्या मानाने फारच सुंदर काम करतो. वायरिंगची सवय असेल तर हा.

बीबीसी आणि अमिगासाठी माझी पहिली पसंती आरजीबी-टू-एचडीएमआय. रास्पबेरी पाय झिरो हा चिमुकला कॉम्प्युटर आणि एक छोटा बोर्ड, मुळात बीबीसीसाठीच सुरू झालेला ओपन सोर्स प्रकल्प. तो चित्राचा फोटो काढल्यासारखं काही करत नाही, मशीनचा एकेक पिक्सेल मोजून उचलतो, म्हणून कडा एकदम धारदार आणि उशीर जवळजवळ शून्य. अमिगाला तो आत चित्र बनवणाऱ्या डेनिस चिपेच्या सॉकेटमध्ये बसणारा पण मिळतो.

तिसरा ओएसएससी. तो ओळी दुप्पट-तिप्पट करून लगेच पुढे ढकलतो, उशीर नाही, पण तो कंपोझिट घेत नाही आणि मशीन ५० हर्ट्झचं असेल तर टीव्हीलाही ५० च देतो. टीव्ही बहुतेक घेतात, कॉम्प्युटरचे मॉनिटर बऱ्याचदा घेत नाहीत, म्हणून हा टीव्हीबरोबर वापरा. महाग आहे, बाहेरून मागवला तर वर कस्टम ड्युटी. एकच मशीन असेल तर याची गरज नाही.

डिन प्लग, रेझिस्टर, बीएनसी, शिल्डेड वायर यासाठी लॅमिंग्टन रोडसारखी जागा नाही. ठाण्याहून दादर, तिथे वेस्टर्नला बदलून ग्रँट रोड, नवी मुंबईकरांनी हार्बरने कुर्ला मग दादर. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. जुना प्लग सोबत न्या, "आठ पिनवाला डिन" म्हटलं तर दोन-तीन प्रकार समोर येतात, पिनांची गोलाई वेगवेगळी असते, जुळवूनच घ्या.

चित्र आलं, आता नीट करा

सगळ्यात आधी टीव्हीत ४:३ निवडा. चित्र रुंदीत ओढलेलं असेल तर गोल अंड्यासारखे दिसतात आणि अक्षरं जाडी होतात. मग 'गेम मोड' चालू करा, उशीर कमी होतो. शार्पनेस शून्यावर किंवा अगदी कमी, नॉइज रिडक्शन बंद, त्या 'मोशन' वाल्या सगळ्या सोयी बंद, त्या सिनेमासाठी असतात.

रंग तपासायला स्पेक्ट्रमवर बॉर्डरची आज्ञा ० पासून ७ पर्यंत एकेक द्या : काळा, निळा, लाल, जांभळट, हिरवा, आकाशी, पिवळा, पांढरा, याच क्रमाने आले पाहिजेत. लाल थोडा पसरलेला दिसेल, कंपोझिटमध्ये तो तसाच येतो, त्यासाठी सेटिंग बदलत बसू नका. रंगच नाहीत आणि सगळं राखाडी, तर टीव्हीची कलर सिस्टिम 'ऑटो' वरून 'पाल' करा. चित्र वर वर सरकतंय तर सिंक लागत नाहीये, आधी वायर बदलून बघा, मग दुसरा टीव्ही, मशीनवर संशय शेवटी. मधेच क्षणभर काळं होऊन परत येतंय तर तो मघाशी सांगितलेला ५०.०८ चा प्रकार असू शकतो, काही टीव्हींना तेवढाही फरक सोसत नाही, मधे कन्व्हर्टर टाकला की थांबतं. तिरक्या लाटा हलताना दिसल्या तर बहुतेक अडॅप्टर हलका आहे.

अमिगा असेल आणि खाली मेमरीचं एक्स्पान्शन लावलेलं असेल तर चित्र आल्याच्या आनंदात ते विसरू नका, त्यावर घड्याळाची बॅटरी असते आणि ती गळून बोर्ड खाते. काढून टाका, आजच.

पावसाळ्यात आपल्याकडे सॉकेटवर हिरवट थर चढतो, मग चित्र कधी येतं कधी जातं आणि उगाच आतलं काहीतरी गेलं असं वाटतं. जून ते सप्टेंबर मशीन झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, आणि काढाल तेव्हा आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा सॉकेट आणि प्लगवरून फिरवून, दहा मिनिटं वाळू देऊन मगच वायरी जोडा.